अंतरपाट

उपवास हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ विचारण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात तर पंचांगाचे कोणतेही पान उघडावे, कोणी ना कोणी उपाशी आहेच. २०२५ सालचेच उदाहरण घ्या. २६ फेब्रुवारीस महाशिवरात्र झाली आणि भीमाशंकराच्या वाटेने माणसांची रीघ लागली. २ मार्च रोजी रमजानचा पहिला रोजा पडला व जुन्नर शहरातील मोहल्ल्यांत पहाटेपूर्वीच चुली पेटू लागल्या. ५ मार्च रोजी ख्रिस्ती जनांचा राखेचा बुधवार आला आणि त्यांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळास आरंभ झाला. आठ दिवसांच्या आत तीन धर्मांची माणसे आपापल्या देवासाठी ताटावरून हात मागे घेतात, हे दृश्य कोणासही अंतर्मुख करील असेच आहे.

अर्थात मागे घेतलेला हात पुष्कळदा दुसऱ्या ताटाकडे वळतो, हेही आपण जाणतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही परक्यांनी रचलेली नाही. त्यातही मौज अशी की, ज्या फराळास आपण सनातन समजतो तो तितकासा जुना नाही. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळे, आणि खिचडीत पडणारी मिरचीदेखील, ही सारी अमेरिका खंडातून आलेली पाहुणेमंडळी होत. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, त्यानंतर केव्हा तरी ती आपल्या किनाऱ्यास लागली. भगर तेवढी आपली जुनी. म्हणजे उपवासाचे पदार्थ बदलले, उपवास मात्र टिकला. मग उपवासात टिकण्याजोगे असे काय आहे, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आम्हांस केवळ कुतूहलाचा नव्हता. घोडेगाव येथे आमच्या आत्याबाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह जुना, आणि एकादशी निर्जळी. २०२५ च्या जानेवारीत एका एकादशीस त्या देवघरातच घेरी येऊन पडल्या. वैद्यांनी कडक शब्दांत सांगितले की, यापुढे निर्जळी उपवास केल्यास जिवावर बेतेल. त्यावर आत्याबाईंचे उत्तर ठरलेले होते. त्यांचे सासर जुन्या आंबेगावचे; ते गाव दिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या म्हणाल्या, “गाव पाण्यात गेलं, वाडा गेला. देव तेवढे टोपलीत घालून आणले. आता त्यांचा उपास डॉक्टरांच्या कागदावर सोडू होय?” या बोलण्यास प्रत्युत्तर देणे कोणासही जड जावे. घरात दोन पक्ष पडले. आमच्या आतेबंधूंचे म्हणणे, आईला दरडावून खाऊ घालावे; वहिनींचे म्हणणे, ज्याच्या मनाचा आधार काढून घेतला ते शरीर जगवून तरी काय लाभ? आम्हांस दोघांचेही पटत होते, आणि म्हणूनच काही सुचत नव्हते.

अशा मनःस्थितीत मार्चच्या आरंभी आम्ही जर्मनीतील लाइप्झिग येथे आमच्या भाच्याकडे दीड महिन्याच्या मुक्कामास गेलो. तो प्रांत लूथरपंथीयांचा. लूथरने उपवासाची बंधने मोडली एवढेच आम्ही ऐकून होतो. तेव्हा त्या मुलखात उपवासकाळाचे नावही निघत नसेल, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात चित्र निराळे दिसले. राखेच्या बुधवारापासून वेदीवर जांभळे वस्त्र आले. उपासनेतून ‘हल्लेलुया’ हा जयघोष गळाला. तो पुन्हा ऐकू यावयाचा तो २० एप्रिलच्या पुनरुत्थान-रविवारी. वास्तविक बुधवारपासून त्या रविवारापर्यंतचे दिवस मोजले तर शेहेचाळीस भरतात. परंतु मधले सहा रविवार हिशेबात धरीत नाहीत, कारण रविवार हा आनंदाचा दिवस. त्या दिवशी शोक करावयाचा नाही. लूथरपंथीय या काळास उपवासकाळ म्हणण्यापेक्षा ‘दुःखसहनाचा काळ’ म्हणणे अधिक पसंत करतात. माणूस काय सोडतो यापेक्षा ख्रिस्ताने काय सोसले, याकडे त्यांचे लक्ष असते.

वाचकांपैकी काहींस लूथरपंथ हा फार दूरचा विषय वाटेल. पण मराठी माणसाशी त्याचा संबंध जुना आहे. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरास राज्य स्थापिले. त्याच घराण्यातील सरफोजीराजे दुसरे यांचे गुरू व पालक ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हे जर्मन लूथरपंथी पाद्री होते. युद्धाच्या व दुष्काळाच्या दिवसांत या पाद्र्याने तांदूळ साठवून भुकेल्यांस वाटला. १७९८ साली त्यांचा अंत झाला तेव्हा राजांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून आणविले. सरफोजीराजे अखेरपर्यंत आपल्या कुलधर्मात राहिले, आणि गुरूवरील त्यांच्या भक्तीत त्यामुळे उणेपणा आला नाही.

आता लूथरचे या विषयावरील म्हणणे थोडे खोलात जाऊन पाहू. त्याच्या काळी उपवासकाळात मांस, लोणी, दूध, अंडी ही सारी वर्ज्य असत. तिकडे तिळाचे वा शेंगदाण्याचे तेल नाही. ऑलिव्हचे तेल दूरच्या दक्षिणेतून यावयाचे. गरिबाने भाकरीस लावावे काय? १४९१ साली पोपने सॅक्सनीच्या लोकांस लोणी खाण्याची सवलत दिली, पण मोबदल्यात देवालयाच्या बांधकामास द्रव्य द्यावे लागे. म्हणजे श्रीमंताचे लोणी पवित्र आणि निर्धनाचे पापाचे! लूथरचा राग या व्यवहारावर होता. उपवासाने पुण्य साठते व ते देवाच्या वहीत जमा होते ही कल्पनाच त्याने नाकारली. देवाची कृपा विकत मिळत नाही, मग ती पैशाने घ्या की उपाशी राहून घ्या, हे त्याच्या शिकवणीचे सार होय.

परंतु याहूनही आम्हांस भावली ती १५२२ सालची हकीकत. लूथर लपून राहिला असताना व्हिटेनबर्ग गावात त्याच्याच अनुयायांनी धांदल उडविली. जुन्या चालीरीती एका फटक्यात बंद करा, मूर्ती फोडा, शुक्रवारी मांस खाऊन दाखवा, जो खाणार नाही तो भित्रा, असा प्रकार सुरू झाला. त्याच उपवासकाळात स्वित्झर्लंडातील झ्युरिक येथे एका मुद्रकाच्या घरी जमलेल्या मंडळींनी मुद्दाम मांसाचे तुकडे खाऊन नियम मोडला होता. लूथर आपला आश्रय सोडून परतला आणि ९ मार्च रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, व्यासपीठावर चढला. लागोपाठ आठ दिवस त्याने प्रवचने केली. त्यांचा भावार्थ असा की, तुम्ही म्हणता ते खरे असेल, पण ते दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? जो सक्तीने उपवास करावयास लावील त्याच्यासमोर खुशाल खा. पण ज्याचे मन अजून धजत नाही त्याच्यासाठी आपण थांबा. श्रद्धा ही ओढून आणण्याची वस्तू नव्हे. ज्याने बंधने तोडली त्यानेच बंधने तोडण्याच्या सक्तीलाही विरोध केला, ही गोष्ट वाचून आम्हांस घोडेगावचे घर आठवले यात नवल ते काय!

१५२६ साली लूथरने उपासनेची नवी पद्धत लिहिली, तीत उपवासकाळ व पवित्र सप्ताह ठेवण्यास सांगितले. मात्र कोणास उपाशी राहावयास भाग पाडण्यासाठी नव्हे, तर ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा लोकांच्या कानी पडत राहावी म्हणून. शरीरास वळण लावण्यापुरता उपवास चांगला, हेही त्याने १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत मान्य केले आहे. त्याच्या अनुयायांनी पुढे पोटाचा उपवास शिथिल केला. कानांचा मात्र पाळला. लाइप्झिग येथे बाख हा थोर संगीतकार १७२३ पासून देवालयाच्या संगीताचा प्रमुख होता. एरवी जवळजवळ प्रत्येक रविवारी वाद्यवृंदासह गायन व्हावयाचे. पण उपवासकाळात, मरीयेस मिळालेल्या शुभवार्तेचा सण तेवढा वगळला तर, ते वाद्यसंगीत बंद. आणि मग उत्तम शुक्रवारच्या सायंकाळी, इतक्या आठवड्यांच्या नीरवतेनंतर, मत्तयकृत शुभवर्तमानातील वधस्तंभाची कथा दोन गायकवृंद व दोन वाद्यमेळ यांच्या मुखातून उभी राही. बाखची ही रचना ११ एप्रिल १७२७ रोजी तेथील संत थॉमसच्या देवालयात प्रथम झाली असे अभ्यासक मानतात. आम्ही त्या देवालयात बसून विचार केला की, हे संगीत जितके त्या रचनाकाराचे तितकेच त्याआधीच्या रिकाम्या रविवारांचेही आहे. रोज पक्वान्न जेवणाऱ्यास पुरणाची गोडी काय कळावी?

कानांच्या उपवासाप्रमाणे डोळ्यांचाही उपवास असतो, हे आम्ही झिटाऊ या गावी पाहिले. हे गाव सॅक्सनीच्या कोपऱ्यात, पोलंड व चेक देशांच्या सीमेवर आहे. मध्ययुगात उपवासकाळ लागला म्हणजे देवालयाच्या वेदीपुढे वरपासून खालपर्यंत वस्त्र टांगीत, जेणेकरून चाळीस दिवस वेदीचे दर्शन होऊ नये. झिटाऊचे असे एक वस्त्र १४७२ सालचे आहे. लांबी-रुंदी आठ व पावणेसात मीटरांहूनही काहीशी अधिक. तागाच्या कापडावर दहा ओळींत नव्वद चित्रे. निम्मी जुन्या करारातील, निम्मी नव्या करारातील. म्हणजे दर्शन झाकले ते कथेने! ज्यास अक्षर येत नाही त्याने पडद्याकडे पाहावे आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून न्यायाच्या दिवसापर्यंत सारे वाचावे. आपल्याकडील चित्रकथी याहून निराळे काय करीत असे?

ते वस्त्र पाहताना आमच्या ओठांवर आपोआप एक शब्द आला, तो ‘अंतरपाट’. लग्नात वधूवरांच्या मध्ये आपण वस्त्र धरतो ते त्यांस कायमचे वेगळे करण्यासाठी नव्हे. समोर कोण आहे हे दोघांसही ठाऊक असते; तरीही क्षणभर ते दिसू द्यावयाचे नाही, म्हणजे पडदा बाजूस होताच पाहण्यास पाहणेपण येते. उपवासाचे मर्म आम्हांस या वस्त्राने जितके उलगडले तितके कोणत्याही ग्रंथाने उलगडले नाही.

या वस्त्राचा इतिहासही चमत्कारिक आहे. लूथरने १५२६ च्या त्याच पुस्तकात असले पडदे टांगणे हा पोरखेळ ठरवून सोडून देण्यास सांगितले होते. झिटाऊचे लोक लूथरपंथी झाले, पण आपला पडदा त्यांनी सोडला नाही. १५७३ साली तर त्यांनी आणखी एक नवा करविला, आणि जुना १६७२ पर्यंत टांगीत राहिले. गुरूने शिकविलेले स्वातंत्र्य त्यांनी गुरूच्याच मताविरुद्ध वापरले, असेच म्हणावयाचे! पुढे १९४५ साली महायुद्धाच्या अखेरीस सैनिकांनी तो फाडून स्नानगृहाच्या भिंतींस लावला. वाफेने त्याचे रंग गेले. तुकडे पुन्हा जोडून आता तो एका प्रचंड काचपेटीत ठेवला आहे. त्याच्या पुसट झालेल्या चित्रांपुढे उभे राहिले असता मोठ्याने बोलवत नाही. हीच प्रथा १९७६ साली जर्मनीतील मिसेरिओर या कॅथलिक संस्थेने पुन्हा सुरू केली, तेव्हा पहिला पडदा रंगविला तो ज्योती साही या भारतीय चित्रकाराने; आणि त्यांचा जन्म पुण्याचा, १९४४ सालचा.

झिटाऊच्या त्या जुन्या पडद्याचा दाता कोण, हे कळले तेव्हा आम्ही क्षणभर आपल्या गावी जाऊन आलो. दाता होता याकोब ग्युर्टलर, मसाल्याचा व धान्याचा व्यापारी. जुन्नरच्या लेण्यांतील एका प्राचीन लेखात असेच दान नोंदले आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके भिक्षुसंघास दिले. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहावे, मध्यान्हानंतर अन्न घेऊ नये, हा त्यांचा नियम. त्यांच्या वर्षावासाची सोय कोणी केली, तर ज्यांचा सारा व्यवहार पोटाचा त्यांनी! दुसऱ्या एका लेखात चिट नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दिल्याचे लिहिले आहे. तो स्वतःस ‘गत’ कुळातील म्हणवितो. त्यावरून स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने १९१२ साली हे गत म्हणजे जर्मन वंशातील गॉथ असावेत असा तर्क लढविला होता. तर्क तर्काच्या जागी राहो. पण परमुलखातून आलेल्या माणसाने मिताहारी भिक्षूंसाठी जेवणघर बांधून द्यावे, यात अन्न व संयम यांचे नाते फार सुंदर व्यक्त झाले आहे. उपवास म्हणजे अन्नाचा तिरस्कार नव्हे. ज्यास अन्नाचे मोल ठाऊक आहे तोच ते बाजूस ठेवू शकतो.

मे महिन्यात आम्ही घोडेगावास गेलो व आत्याबाईंस पडद्याची हकीकत सांगितली. उपदेश करावयाचा नाही असे आम्ही मनाशी ठरविले होते. त्यांनी नव्वद चित्रांत काय काय होते ते खोदून खोदून विचारले. नोहाच्या तारवाशी त्या बराच वेळ थांबल्या, आणि “त्यांचंही गाव पाण्यात गेलं म्हणायचं,” एवढेच बोलल्या. मग म्हणाल्या, “अरे, पण तुझ्या त्या लोकांनी पोटाचा सोडला आणि डोळ्यांचा धरला, ते कोणी सांगितलं म्हणून की आपल्या मनानं?” आम्ही म्हणालो, “आपल्या मनानं, आत्या. त्यांचा गुरू तर नको म्हणत होता.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

६ जुलै रोजी आषाढी एकादशी आली. आदल्या रात्री आत्याबाईंनी सुनेस हाक मारून सांगितले की, उद्या सकाळी दूध व दुपारी भगर घेईन आणि गोळ्याही वेळेवर घेईन. पण कोणी “खा” म्हणावयाचे नाही. सकाळी त्यांनी आपले एक जुने लुगडे काढून बैठकीतील दूरचित्रवाणीवर घातले आणि चातुर्मास संपेपर्यंत ते कोणी काढू नये अशी ताकीद दिली. संध्याकाळच्या मालिका हे त्यांचे मोठे व्यसन, ते गेले. मुलांनी दोन दिवस कुरकुर केली. नंतर त्या वेळात त्या नातवंडांस जुन्या आंबेगावच्या गोष्टी सांगू लागल्या. वाडा कोणत्या अंगास होता, घोड नदीस पूर आला म्हणजे पाणी कोठवर येई, कोणत्या घरी कोणते देव होते, हे सारे आमच्या आतेबंधूंनीही तेव्हाच प्रथम ऐकले. महाशिवरात्रीच्या उपवासाविषयी विचारले तर मात्र त्या “तेव्हाचं तेव्हा पाहू” म्हणत. घरच्यांची काळजी संपली नाही. परंतु दरडावणी संपली, हेही थोडे नाही.

आजकाल जर्मनीत उपवासकाळाचे आणखी एक रूप दिसते. तेथील प्रोटेस्टंट मंडळी १९८३ पासून ‘सात आठवडे वर्ज्य’ नावाचा उपक्रम चालवितात. कोणी मद्य सोडतो, कोणी मिठाई. आणि दर वर्षी एखादा मनाचा दोष सोडण्यास सुचविले जाते. २०२५ सालचे सूत्र होते, श्वास घ्या, सात आठवडे घाबरगुंडीवाचून राहा. कल्पना गोड आहे. तरी आमच्या मनात एक शंका येते. उपवास हा जर आपल्याच प्रकृतीची वा मनःशांतीची मशागत होऊन बसला, तर त्याच्या हिशेबाची वही देवाकडून काढून आपण आपल्याच खिशात ठेवली, एवढाच फरक. पुण्याच्या जागी प्रकृतीची जमा!

या वहीतून सुटण्याची वाट आमच्या मते पश्चिमेकडच्या डोंगरांत दिसते. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या त्या भागात महादेव कोळी बांधवांची वस्ती आहे. हिरड्याचा हंगाम सरला, पाऊस लागला, भाताची लावणी झाली, आणि नवे पीक हाती येण्यास अद्याप महिने आहेत, अशा दिवसांत गरीब घरातील कणगी तळास जाते. अशा दिवसांपुरते पोटास मिळावे म्हणून सरकारने १९७८ साली आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना काढली, यावरूनच त्या टंचाईची कल्पना यावी. आपला श्रावण आणि त्यांची तंगी एकाच वेळी येतात. आपण सोमवारी एक वेळचे जेवण सोडतो तेव्हा त्यास व्रत म्हणतात. त्यांचे सुटते तेव्हा त्यास नाव नसते. यशया या इब्री संदेष्ट्याने आपल्या लोकांस हेच बजाविले होते की, मान खाली घालून राखेत बसणे हा देवास आवडणारा उपवास नव्हे; भुकेल्यास आपल्या भाकरीतला वाटा द्या, हा खरा उपवास.

उपवासाने देवाचे देणे फिटत नाही, हे लूथरचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु शेजाऱ्याचे देणे आपल्या अंगावर आहे याची आठवण भरल्या पोटी सहसा होत नाही, हाही अनुभव सर्वांचा आहे. तेव्हा ज्यास झेपेल त्याने ताट बाजूस सारावे, ज्यास न झेपेल त्याने कानांस वा डोळ्यांस विश्रांती द्यावी, आणि कोणी कोणाच्या ताटाकडे पाहू नये. मात्र त्या दिवशी घरात जे शिजले नाही ते मापाने मोजून कोणाच्या तरी घरी पोहोचते करावे. जुन्नरच्या धान्यविक्यांना आणि झिटाऊच्या व्यापाऱ्याला आपापला ठेवा ठेवून जाण्याइतके मापट्यातले ज्ञान होते. आपल्याला ते अगदीच अवघड जाऊ नये.